शब्दचर्चा : डिफॉल्ट, कॉमेंट आउट आणि कॉन्फिगरेशन फाइल

आमच्या वाचनालयातली पुस्तकांची देवघेव आता कॉम्प्युटरवर नोंदवली जाते. प्रोग्रॅम पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवर चालतो. तो बसवून देणारा मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी गेला आणि देखभाल माझ्याकडे आली. मी ग्रंथपाल आहे, प्रोग्रॅमिंग शिकलेली नाही.

गेल्या महिन्यात प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरवर हलवला आणि वेळा चुकायला लागल्या. सकाळी नऊला दिलेल्या पुस्तकापुढे पहाटे साडेतीनची नोंद. त्या मुलाला फोन केला, तर तो म्हणाला, “मॅडम, पीएचपी डॉट आयएनआय नावाची कॉन्फिगरेशन फाइल नोटपॅडमध्ये उघडा. टाइमझोन डिफॉल्टवर असेल. ती ओळ अनकॉमेंट करा, व्हॅल्यू टाका, सेव्ह करून सर्व्हर रीस्टार्ट करा.”

प्रोग्रॅमने कसं वागायचं ते लिहिलेली ही फाइल उघडून मी ओळ शोधली आणि = च्या पुढे ‘एशिया/मुंबई’ लिहिलं. काही फरक पडला नाही. मुंबई नावाचा टाइमझोनच नाही, सगळ्या भारतासाठी ‘एशिया/कोलकाता’ लिहावं लागतं, हे कळल्यावर तसं केलं. तरी साडेतीनच. मग दिसलं की ओळीच्या अगदी सुरुवातीला एक अर्धविराम आहे. या फाइलीत ज्या ओळीच्या आरंभी ; असतो, ती ओळ पीएचपी वाचतच नाही. दोन दिवस मी वाचल्याच न जाणाऱ्या ओळीत दुरुस्त्या करत होते. ‘अनकॉमेंट करा’ म्हणजे तो अर्धविराम पुसा, एवढंच त्याला सांगायचं होतं.

आता माझ्या दोन सहकाऱ्यांसाठी या कामाचा कागद मराठीत लिहायला घेतला आहे आणि शब्दांपाशी अडले आहे.

सगळ्यात जास्त अडले ती ‘डिफॉल्ट’ला. मराठी स्क्रीनवर त्यासाठी ‘पूर्वनिर्धारित’ दिसतो. मला तो चुकीचा वाटतो. पूर्वनिर्धारित म्हटलं की कुणीतरी आधीच ठरवून टाकलेलं, आता आपल्या हातात नसलेलं, असा अर्थ मनात येतो. प्रत्यक्षात उलट आहे. आमचा प्रोग्रॅम २ एमबीपेक्षा मोठा मुखपृष्ठाचा फोटो घेत नाही. ही मर्यादा वाचनालयात कुणी ठरवलेली नाही. आपण काहीच लिहिलं नाही, म्हणून पीएचपीनं २ धरले. मूळ फ्रेंच शब्दातही उणीव, अभाव हाच अर्थ आहे. वेळेचंही तेच. ओळ वाचली गेली नाही, म्हणून जागतिक वेळ धरली गेली, आणि ती आपल्या साडेपाच तास मागे.

याला मराठीत शब्द आहे आणि तो आपण शाळेत शिकलो आहोत : अध्याहृत. ‘जा.’ या वाक्यात कर्ता दिसत नाही, ‘तू’ अध्याहृत आहे. ‘तुम्ही जा’ लिहिलं की तो न लिहिलेला ‘तू’ आपोआप बाजूला होतो. डिफॉल्ट असंच वागतं. लिहिलं नाही तर ते धरलं जातं, लिहिलं की हटतं. ‘अध्याहृत किंमत’ कशी वाटते?

‘कॉमेंट आउट’साठी, म्हणजे असं चिन्ह लावून ओळ बंद करण्यासाठी, मला काही सुचलेलं नाही. ‘टिप्पणी करणे’ म्हटलं तर वाचणारा शेरा लिहायला बसेल.

‘कॉन्फिगर करणे’ला क्रियापद म्हणून ‘लावणे’ पुरेसं आहे असं माझं मत. आपण गजर लावतो, घड्याळ लावतो, तंबोरा लावतो. प्रत्येक ठिकाणी वस्तू तयारच असते, ती आपल्या कामाला येईल अशी बसवायची असते. नाम करायला गेलं की मात्र ‘लावणी’ होते आणि ती जागा नाचाने आणि भाताने कधीच घेतलेली आहे.

प्रतिसाद

अध्याहृत अर्थाला चपखल आहे यात वाद नाही. पण मी भाषांतराचं काम करतो आणि हा शब्द मला ठेवता आला नसता. ज्यांचं व्याकरण दहावीनंतर सुटलं त्यांना तो डिफॉल्टपेक्षा परका वाटतो. तुमच्या कागदापुरतं सांगायचं तर नाम शोधूच नका. ‘न लिहिल्यास’ असा रकाना करा. ‘फोटोची मर्यादा : न लिहिल्यास २ एमबी.’ ‘किती वेळ काही केलं नाही तर लॉगिन जातं : न लिहिल्यास १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं.’ कायद्याच्या मराठीत ‘न भरल्यास’, ‘हजर न राहिल्यास’ हे रूप रुळलेलं आहे, वाचणाऱ्याला अडत नाही.

बँकेमुळेही डिफॉल्ट हा शब्द बिघडला आहे. डिफॉल्टर म्हणजे कर्ज थकवणारा. मूळ तेच, जे करायचं ते न करणं. पण ‘टाइमझोन डिफॉल्टवर आहे’ ऐकून काहींना खरंच काहीतरी थकलंय असं वाटतं, हे मी पाहिलेलं आहे.

प्रतिसाद

कॉन्फिगरेशनला शालेय पुस्तकात शब्द आहे. विज्ञानात आपण ‘इलेक्ट्रॉन संरूपण’ शिकवतो, तेच इलेक्ट्रॉनिक कॉन्फिगरेशन. लॅटिनमध्ये कॉन म्हणजे सह आणि फिगुरा म्हणजे रूप, त्यामुळे संरूपण अक्षरशः बसतो. हिंदीतून आलेल्या ‘विन्यास’पेक्षा मला हा जवळचा. बोलताना कुणी म्हणणार नाही, हे मान्य. पण फाइलीचं नाव म्हणून ‘संरूपण फाइल’ छापायला हरकत नसावी.

प्रतिसाद

मी महसूल खात्यात होतो, निवृत्त झालो. कॉमेंट आउटचं वर्णन वाचल्यावर मला सातबारा आठवला. हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर जुन्या खातेदाराचं नाव खोडत नसत. त्याला कंस करत आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक टाकत. नाव कागदावर वाचता येतं, पण हक्काच्या दृष्टीने ते नाही. ‘नावाला कंस झाला’ असं आम्ही म्हणायचो. ‘ओळीला कंस करा’, ‘ओळीचा कंस काढा’ म्हणून बघा.

एडिटलाही संपादन म्हणू नका, फेरफार म्हणा. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. तिथे नोंद घेतली म्हणून लगेच लागू होत नाही. हरकतींसाठी १५ दिवसांची नोटीस जाते आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावर फेरफार सातबाऱ्यावर येतो. तुमच्या रीस्टार्टचं तसंच दिसतं. सेव्ह केलं म्हणजे नोंद झाली, रीस्टार्ट केलं म्हणजे प्रमाणित झाली.

प्रतिसाद

फेरफार उत्तम. कंसाबद्दल मात्र सावध करतो, कारण या फाइलींमध्ये खरे कंस असतात आणि त्यांना अर्थ असतो. टाइमझोनच्या त्याच ओळीच्या वर चौकटी कंसात [डेट] असं विभागाचं नाव आहे. जेसन पद्धतीच्या फाइलीत तर सगळा मजकूरच महिरपी कंसात असतो. ‘कंस करा’ वाचून नवा माणूस ओळीभोवती कंस टाकेल आणि प्रोग्रॅम उघडायचा बंद होईल. शिवाय चिन्ह दर ठिकाणी वेगळं. इथे अर्धविराम आहे, अनेक फाइलींत ते # असतं, आणि जेसनमध्ये अशी सोयच नाही, नको असलेली ओळ काढूनच टाकावी लागते. म्हणून चिन्हाचं नाव न घेणारा शब्द हवा.

आणखी एक. फाइल वर्डमध्ये उघडू नका. वर्ड सरळ अवतरणचिन्हं वळवून टाकतो आणि वळलेलं चिन्ह प्रोग्रॅमला ओळखता येत नाही.

प्रतिसाद (मूळ लेखिका)

सगळ्यांचे मनापासून आभार. कंसाचा सातबारा मला इतका आवडला होता की दोन दिवस तोच कागदावर होता. पण शेवटच्या प्रतिसादातली भीती खरी ठरली. कागद सहकाऱ्याला वाचायला दिला, तिनं पेन उचललं आणि ओळीच्या दोन्ही बाजूंना कंस काढून दाखवले, “असे ना?” मग आम्ही दोघींनी मिळून ‘ओळ मुकी करणे’ आणि ‘ओळ बोलती करणे’ ठरवलं. मुकी ओळ असते, दिसते, आपल्याला वाचता येते, प्रोग्रॅमला तिचं काही ऐकू येत नाही. तिला हे परत समजावावं लागलं नाही.

‘अध्याहृत’ मी सोडलेला नाही, पण कागदावर ‘न लिहिल्यास’ घेतलं. नाव कॉन्फिगरेशन फाइल असंच ठेवलं, कारण फोनवर मदत मागताना समोरचा तोच शब्द बोलणार. पहिल्या पानावर आता असं आहे :

फेरफार करण्याआधी फाइलीची नक्कल काढून तिला तारखेचं नाव द्या. हवी ती ओळ शोधा. ओळीच्या सुरुवातीला ; असेल तर ती मुकी आहे, ; पुसून बोलती करा. = च्या डावीकडे हात लावू नका. सेव्ह करा. सर्व्हर रीस्टार्ट होईपर्यंत जुनंच चालू राहील.

सहकाऱ्यानं त्याखाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली, “कीबोर्ड इंग्रजीवर घ्या, आकडे मराठी नकोत.” आमच्या दोन्ही मशीनवर पुस्तकांची नावं टाकायला कीबोर्ड दिवसभर मराठीवर असतो, आणि ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती.

‘रीस्टार्ट’ला ‘प्रमाणित’ घ्यावं की नाही, यावर अजून मत हवं आहे.