पानथरीची उपेक्षा: अज्ञान की बेफिकिरी?

गिरगावकर: प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेनने पानथरीला, म्हणजे डाव्या बरगडीखालच्या प्लीहेला, काळ्या पित्ताचे (शरीरातील चार द्रवांपैकी एक मानलेल्या द्रवाचे) आणि खिन्नतेचे ठाणे मानले. पुढे पानथरी काढलेली कुत्री जगतात असे दिसले आणि तिच्यावाचून काही अडत नाही, हा समज रुजला. १९१९ मध्ये मॉरिस आणि बुलक यांनी उंदरांवरील प्रयोगांतून पानथरी काढल्यावर संसर्गाचा प्रतिकार घटतो असे दाखवले. तरीही १९५२ मध्ये किंग आणि शुमाकर यांनी पानथरी काढलेल्या ५ बालकांतील गंभीर संसर्गांची नोंद करेपर्यंत बहुतेक शल्यचिकित्सकांनी ते मनावर घेतले नाही. याला मी बेफिकिरीच म्हणेन.

शल्यचिकित्सक, परळ: हा आरोप अन्यायाचा आहे. पानथरी रक्ताने गच्च भरलेली आणि इतकी मऊ असते की टाका घालू जाता तो फाडून बाहेर येतो. अपघातात ती फुटली की तिची रोहिणी (रक्त पुरवणारी वाहिनी) बांधून पानथरी काढणे, हाच तेव्हा जीव वाचवण्याचा खात्रीचा मार्ग होता. संसर्गाची भीती पुढची, रक्तस्राव मात्र त्याच रात्रीचा. शिवाय आपल्याकडे तिची उपेक्षा कधीच झाली नाही. हिवतापाच्या रुग्णाला दीर्घ श्वास घ्यायला सांगून डाव्या बरगडीखाली बोटे ठेवली की वाढलेल्या पानथरीची कड बोटांना येऊन लागते, आणि याच तपासणीवरून एकोणिसाव्या शतकापासून गावोगावच्या हिवतापाचे प्रमाण ठरवले जाई.

वैद्या, पार्ले: चरकसंहितेने यकृत आणि प्लीहा यांना रक्तवह स्रोतसांचे (रक्त वाहणाऱ्या मार्गांचे) मूळ म्हटले आहे, हेही नोंदवावे.

शल्यचिकित्सक, परळ: जरूर नोंदवावे, पण रक्ताशी नाते सांगणे म्हणजे जंतूंशी लढणारा अवयव ओळखणे नव्हे.

गिरगावकर: डॉक्टरसाहेब, किंग-शुमाकर यांची बालके अपघातातील नव्हती; आनुवंशिक रक्तविकारासाठी त्यांच्या शस्त्रक्रिया ठरवून केलेल्या होत्या. हिवतापाच्या पाहणीतही पानथरी केवळ मोजपट्टी होती, तिचे काम काय हे कोणी विचारत नव्हते. आणि १९६८ मध्ये, सीटी स्कॅन जन्मायच्या आधी, उपाध्याय आणि सिम्प्सन यांनी टोरोंटोतील अनुभवावरून मुलांची फुटलेली पानथरी शस्त्रक्रियेविना भरून येऊ शकते असे मांडले. म्हणजे साधनांची उणीव हे पूर्ण उत्तर नाही.

शल्यचिकित्सक, परळ: ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांबाबत आपले म्हणणे ग्राह्य आहे, म्हणूनच आज थॅलसेमियाच्या मुलाची पानथरी काढायची झाल्यास न्युमोकॉकससारख्या जंतूंविरुद्धच्या लसी आधी देतात. परंतु नाडी हाती लागत नसलेल्या रुग्णाला केवळ निरीक्षणाखाली ठेवण्याचा सल्ला मी १९६८ मध्येही दिला नसता आणि आजही देणार नाही.