गच्चीवर अंथरूण टाकलंय, बोला: 'फँड्री' की 'सैराट'?

प्रश्न: सोलापुरात पारा 42 वर. संध्याकाळी गच्चीवर बादलीभर पाणी मारलं, फरशी चर्र झाली. आता कैरीच्या फोडी, तिखट-मीठ आणि भावंडांचा दरवर्षीचा वाद. मी 'फँड्री'वाला. शेवटी पोरगं दगड भिरकावतं ना, तो अजून अंगावर येतो.

उत्तर 1: 'सैराट'च ओ! 29 एप्रिल 2016, ऐन उन्हाळ्यात आलेला. आपली करमाळ्याकडची बोली पडद्यावर ऐकून मी रडलेलो.

उत्तर 2: 'फँड्री'. डुक्कर समोर असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं अन् सगळं घर जागच्या जागी थांबतं. नागराज मंजुळेंनी काय दाखवलंय!

प्रश्नकर्ता: तोच प्रसंग! आज परत लावतो. माठ भरलाय, या.