देवनागरीसाठी स्वतःची इंटरफेस लायब्ररी लिहावी, की असलेल्या लायब्रऱ्यांतच दुरुस्त्या पाठवाव्यात?

कुळागर :
फोंड्यात आम्ही चौघे मित्र गेले आठ महिने एक छोटी मुक्तस्रोत ग्राफिकल इंटरफेस लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमच्या खिडक्या, बटणे आणि लिहायच्या चौकटी काढून देणारा कोड, लिहीत आहोत. निमित्त घडले ते एका देवस्थानच्या पावत्यांच्या प्रोग्रॅमचे. तो आम्ही आयती, वजनाने हलकी अशी लायब्ररी घेऊन केला होता आणि इंग्रजीत सारे सुरळीत चालले. पण काउंटरवरच्या वयस्क कारकुनांनी 'शिरोडकर' टंकले, तेव्हा पहिली वेलांटी श ला सोडून पुढच्या र वर जाऊन बसली. 'पर्वरी'तला रफार वर चढलाच नाही, पाय मोडलेला र तसाच व च्या शेजारी उभा राहिला. "देवाच्या पावतीवर आडनाव असे छापलेत, तर महाजन मला पायरी चढू देणार नाहीत," असे ते म्हणाले, आणि त्यांचे चुकीचे नव्हते.

माझे मत असे की, बहुतेक लायब्रऱ्यांत देवनागरी ही मागाहून चिकटवलेली गोष्ट असते. म्हणून ती पहिल्या दिवसापासून पायाभूत धरलेली लायब्ररी आपणच लिहिली पाहिजे. हे अशक्य आहे असे मानण्याचे कारण नाही. गिम्प हा चित्रांचा प्रोग्रॅम १९९६ मध्ये लोकांपुढे आला, तेव्हा तो मोटिफ या लायब्ररीवर उभा होता. स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस या बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी ती सोडून स्वतःची लिहिली, तीच आजची जीटीके. आपली मते वाचायला आवडतील.

घुमट :
आपला त्रास खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. वेलांटी मागे नेणे, रफार चढवणे, जोडाक्षर जुळवणे हे काम हार्फबझ ही मुक्तस्रोत लायब्ररी करते. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिब्रेऑफिस तीच वापरतात, आणि जीटीके व क्यूटी या मोठ्या इंटरफेस लायब्रऱ्यांच्याही पोटात तीच आहे. डिअर इमगुईसारख्या हलक्या लायब्रऱ्या हा टप्पा घेतच नाहीत, त्या अक्षराला अक्षर लावून ओळ रंगवतात. म्हणजे आपण देवनागरीसाठी चुकीचे साधन निवडले होते. दरवाजा अरुंद निघाला म्हणून कोणी नवे घर बांधायला काढत नाही.

किम्बॉल आणि मॅटिस यांचा दाखलाही अर्धाच आहे. मोटिफ मुक्त नव्हती, ही त्या वेळची मोठी अडचण होती. १९९७ मध्ये लिनक्ससाठीचा ग्नोम डेस्कटॉप सुरू झाला, तोही क्यूटीच्या परवान्यावरच्या वादातून. २००० साली क्यूटी जीपीएल या मुक्त परवान्याखाली मिळू लागले आणि त्या वादातली बरीच हवा गेली. दोन्ही वेळी अडचण परवान्याची होती. आपल्याला आज ती नाही.

आणखी एक प्रश्न, ज्याचे उत्तर मला मनापासून हवे आहे. आपली लायब्ररी खिडकीतले सारे काही ग्राफिक्स कार्डाकडून चित्र म्हणून काढून घेत असेल, तर ओर्कासारखा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम त्यात काय वाचणार? बटण कुठे आहे, त्यावर काय लिहिले आहे, कोणती चौकट आत्ता निवडलेली आहे, हे लिनक्सवर एटी-एसपीआय आणि विंडोजवर यूआय ऑटोमेशन या त्यासाठीच्या व्यवस्थांमार्फत लायब्ररीनेच सांगावे लागते. ते सांगितले नाही, तर अंध माणसासाठी आपली खिडकी म्हणजे कोरी भिंत. जुन्या लायब्रऱ्या अवजड वाटतात त्या बऱ्याच अंशी असल्या कामांमुळे.

खाजन :
घुमट यांचे तांत्रिक म्हणणे बरोबर आहे, तरी मी कुळागर यांच्या बाजूचा आहे, आणि त्याला कारण अनुभवाचे आहे. एका नावाजलेल्या लायब्ररीला मी एक दुरुस्ती पाठवली होती. 'त्र्यंबक' लिहून बॅकस्पेस एकदा दाबली की 'त्र्यं' आख्खे पुसले जात असे. डाव्या बाणाने तेवढे एका उडीत ओलांडावे हे रास्त आहे, पण पुसताना आधी अनुस्वार जावा, मग य, अशी आपल्या बोटांची अपेक्षा असते. फक्त टिंब चुकले म्हणून कोणी सारे अक्षर पुन्हा लिहीत नाही. माझा बदल जेमतेम वीस ओळींचा होता. तपासणाऱ्या गृहस्थांना देवनागरी वाचता येत नव्हती, आणि त्यात त्यांचा दोष नाही, पण "हे अक्षर एक की तीन?" या प्रश्नावर आमचा सात महिने पत्रव्यवहार चालला आणि शेवटी तो बदल कोणीही न स्वीकारता, न नाकारता पडून राहिला.

हा प्रश्न त्यांना पडावा यात नवल नाही. अक्षरांना संगणकी संकेत ठरवून देणारे मानक म्हणजे युनिकोड. त्याच्या स्वतःच्या नियमांत 'क्ष' हे २०२३ च्या १५.१ आवृत्तीपर्यंत दोन तुकड्यांचे धरले जात होते, क् वेगळा आणि ष वेगळा. मानक जिथे इतक्या उशिरा आपल्यापर्यंत पोहोचले, तिथे लायब्रऱ्यांनी त्याआधी पोहोचावे ही अपेक्षा कशी धरायची? स्वतःच्या लायब्ररीत हा बदल मी दुपारी लिहितो आणि संध्याकाळी कारकुनांपुढे ठेवतो.

मानकुराद :
संध्याकाळी ठेवाल, पण तिसऱ्या वर्षी कोण ठेवील? मी म्हापशाची, याच धंद्यात पंधरा वर्षे घालवलेली. गोव्यातल्या मुलांचे कसे होते ते आपण सारे जाणतो. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांतले बरेच जण पुढे पुणे किंवा बेंगळुरू गाठतात, आणि चौघांतला एक जरी गेला तरी त्याने लिहिलेला भाग इतरांना परका होतो. मागे राहते ते देवस्थान, त्याचे काउंटर आणि अद्ययावत न होणारा प्रोग्रॅम.

शिवाय, देवनागरी नीट दिसली म्हणजे गोव्याचे काम झाले असे आपण धरून चालला आहात. इथल्या एकाच यादीत 'दुसऱ्या मजल्यावरील' असा देवनागरी पत्ता आणि शेजारी शेपटीचा सी व नागमोडी चिन्हाचा ए असलेले पोर्तुगीज वळणाचे नाव एका ओळीत येते. तो नागमोडी ए युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो. 'दुसऱ्या'तला अर्धा र सुद्धा दोन प्रकारे टंकता येतो, वेगळ्या ऱ पासून किंवा साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, शोधले की एक सापडतो आणि दुसरा नाही. नागमोडी ए युनिकोडच्या ठरलेल्या नियमाने एकरूप करता येतो, या र चे मात्र तसे नाही. त्याची सोय हाताने लिहावी लागते. ती चौघांच्या लायब्ररीत लिहिली तर चौघांना उपयोगी पडेल.

खाजन यांच्या सात महिन्यांबद्दल मला सहानुभूती आहे. तरी विचारते, त्या बदलासोबत आपण चाचण्या पाठवल्या होत्या का? देवनागरी न वाचणाऱ्या माणसाला आपले अक्षर समजावण्यापेक्षा 'हे पाच संकेत आत, एकदा बॅकस्पेस, हे चार बाहेर' अशा पंचवीस ओळी देणे सोपे जाते.

खाजन :
चाचण्या नव्हत्या. स्क्रीनशॉट होते.

कुळागर :
घुमट यांच्या कोऱ्या भिंतीला माझ्याकडे उत्तर नाही, हे कबूल करतो. आमच्या आठ महिन्यांत तो विषय एकदाही निघाला नव्हता. अक्षरजुळणी आम्ही स्वतः लिहीत होतो, ती कालच बाजूला ठेवली आणि हार्फबझ जोडली. तीन हजार ओळी गेल्या, आणि थोडे वाईटही वाटले. लायब्ररी मात्र सोडणार नाही. कर्सर, पुसणे आणि शोध यांचे वागणे कसे असावे, हे दुसऱ्याच्या कोडमध्ये चाचपडत कळत नाही, आपली चौकट हाताशी असली तरच कळते, असे माझे मत अजून कायम आहे.

घुमट :
माझेही कायम आहे. तरी त्या पंचवीस ओळी आपल्या चौकटीसाठी लिहिणारच असाल, तर त्या लायब्ररीच्या पोटात न ठेवता वेगळ्या साध्या फाइलमध्ये ठेवा, म्हणजे जीटीकेवाल्यांना आणि क्यूटीवाल्यांनाही त्या जशाच्या तशा धाडता येतील. पहिली ओळ 'त्र्यंबक'ची असू द्या, आणि ती खाजन यांनीच लिहावी.