ऑफिससाठी वायर्ड राउटर कुठला घेऊ? दोन लाइनी आहेत

म्हापसेकर_होलसेल: नमस्कार मंडळी. म्हापशाला आमचं होलसेलचं ऑफिस, १५-१६ पीसी, टॅलीचा सर्व्हर, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर. पावसात फायबर तुटली की दिवसभर बिलिंग बंद म्हणून दुसऱ्या कंपनीची लाइन पण घेतली. वायफायचे ॲक्सेस पॉइंट वेगळे आहेत, राउटर फक्त वायर्ड हवा. दुकानवाला म्हणतो ८ पोर्टचा घ्या. बजेट १० हजारच्या आत.

पर्वरीचा_केबलवाला: ८ पोर्ट कशाला रे, पोर्ट कमी पडले तर गिगाबिट स्विच लाव. राउटर घेताना दोन वॅन (बाहेरून येणाऱ्या इंटरनेट लाइनी) लागतात का आणि एक लाइन गेली की आपोआप दुसरीवर जातो का एवढं बघ. टीपी-लिंकचा ईआर६०५ चालेल, ५ गिगाबिट पोर्ट, त्यातले काही वॅन किंवा लॅन (ऑफिसच्या आतलं नेटवर्क) कसेही वापरता येतात. मायक्रोटिकचा हेक्स मला स्वतःला जास्त आवडतो, पण राउटरओएस (मायक्रोटिकची स्वतःची सिस्टीम) येणारा माणूस जवळपास नसेल तर नको, अर्धवट सेटिंग करून ठेवलेला मायक्रोटिक म्हणजे डोक्याला ताप.

फोंड्याचा_ॲडमिन: वरच्याशी सहमत, फक्त लोड बॅलन्सिंगच्या नादी लागू नकोस. दोन्ही लाइनींवरून ट्रॅफिक वाटला की आयपी बदलत राहतो आणि बँकेच्या साइट मधेच लॉगआउट करतात, अकाउंटंट बाई तुलाच ओरडणार. एक मेन, दुसरी बॅकअप. आणि ऑनलाइन डिटेक्शन चालू ठेव, कारण बाहेर फायबर तुटली तरी तुझ्या ओएनटीची (कंपनीने बसवलेला फायबरचा डबा) लॅन केबल चालूच दिसते, राउटरला बाहेरचा पत्ता पिंग करून बघावं लागतं. कंपनीवाल्यांना सांगून ओएनटी ब्रिज मोडला टाकून घे, म्हणजे तो लाइन नुसती पुढे देईल, आणि पीपीपीओईचं (इंटरनेट कनेक्शनचं) लॉगिन राउटरमध्ये. डीव्हीआर वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच वायरिंगवरचं वेगळं नेटवर्क) टाक, पण स्विचमधून करायचं तर तो मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता येणारा लागेल.

म्हापसेकर_होलसेल: घरून कॅमेरे बघायला पोर्ट फॉरवर्ड करू ना?

फोंड्याचा_ॲडमिन: नको, तसं केलं की डीव्हीआर इंटरनेटवर उघडा पडतो, व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायची खासगी वाट) कर. आधी वॅनचा आयपी बघ, १०० पॉइंट ६४ ते १०० पॉइंट १२७ मधला असेल तर सीजीनॅट आहे, म्हणजे कंपनीने एकच आयपी बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटलाय, बाहेरून थेट आत येता येणार नाही, स्टॅटिक आयपी विकत घ्यावा लागेल.

पर्वरीचा_केबलवाला: आणि ओएनटी, राउटर, स्विच तिन्ही यूपीएसवर घे, एकच घेऊन उपयोग नाही. फायबरमधून आकाशातली वीज येत नाही, पण गच्चीवरच्या कॅमेऱ्याच्या तांब्याच्या केबलमधून येते, तिथे सर्ज प्रोटेक्टर लाव आणि अर्थिंग तपासून घे, मे महिन्याच्या आधी.