मदत हवी आहे : आठवीतला मुलगा ट्रिक ऑर ट्रीटला (हॅलोविनच्या संध्याकाळी वेश करून घरोघरी खाऊ मागत फिरणं) गेला तर चालेल का?

चेसापीक, व्हर्जिनिया. मुलगा १३ पूर्ण, उंची पाच फूट आठ इंच. मित्रांबरोबर जायचं म्हणतोय. इथे बारा वर्षांपुढच्यांना तुरुंगात टाकतात म्हणे, खरं का? आणि एवढ्या उंच मुलाला पाहून लोक नाकं मुरडतात का?

प्रतिसाद १ :
ते जुनं झालं. चेसापीकच्या १९७० च्या नियमात बारापुढच्यांना मनाई होती, सहा महिन्यांपर्यंत कैदही लिहिलेली होती. २०१९ मध्ये मर्यादा १४ केली आणि कैद काढून टाकली. रात्री ८ ला मात्र बंद. शेजारच्या शहराची हद्द ओलांडणार असाल तर तिथला नियम वेगळा बघा.
मोठी भावंडं असलेल्यांसाठी : ओळख लपवायला मुखवटा घालणं व्हर्जिनियात सोळापुढच्यांना गुन्हा आहे, सणाच्या पारंपरिक वेशाला सूट आहे.

प्रतिसाद २ :
नाकं मुरडतात ती वयापेक्षा वेश नसल्यामुळे. रोजची हुडी घालून उशीचा अभ्रा पुढे केला की झालंच! (शिमग्याचं पोस्त मागणाऱ्याला कोणी वय विचारतं का? पण सोंग तर हवं.) वेश डोक्यापासून पायापर्यंत करा. मुखवट्याने बाजूची गाडी दिसत नाही, त्यापेक्षा चेहरा रंगवा. रंग आदल्या दिवशी मनगटाच्या आत थोडा लावून बघा, पुरळ येतंय का. काळा वेश असेल तर पाठीवर आणि पिशवीवर चमकणारी पट्टी. खरी वाटेल अशी खेळण्यातली बंदूक अजिबात नको.
तीन-चार जणच जा. दारात चिमुरडी असतील तर ती उतरेपर्यंत पायरीखाली थांबायचं, धक्काबुक्कीमुळेच मोठी मुलं नकोशी होतात. पोर्चचा दिवा बंद म्हणजे बेल वाजवायची नाही. खाऊचं भांडं बाहेर ठेवलेलं असेल तर एकच चॉकलेट उचलायचं. तिथे अंधार सव्वासहानंतर पडतो. सहाला निघून पावणेआठला परत फिरा.

धागाकर्ती :
आभार! पंधराव्या वर्षी काय करायचं?

प्रतिसाद ३ :
दारावर बसवा, वाटायला. माणशी दोन छोटे चॉकलेट बार धरा, किती मुलं येतात ते शेजाऱ्यांना विचारून. शेंगदाण्याचे बार वेगळ्या भांड्यात, एकत्र मिसळले की ॲलर्जीवाल्या पोराला काहीच देता येत नाही. अशा पोरांसाठी खाऊऐवजी पेन्सिली-स्टिकर ठेवलेत तर भोपळा हिरवट-निळा रंगवून पायरीवर ठेवा, ती त्याचीच खूण आहे, आईबाप तो लांबूनच ओळखतात.