क्लबातला इतिहास, क्लबाची देणगी आणि आमची विक्रांत

बिगुल
शेजारच्या धाग्यावर कोणीतरी लिहिलंय, "फिलाडेल्फियाचा युनियन लीग क्लब बघा. श्रीमंतांनी स्वतःच्या खिशातून युद्धाचा इतिहास जपला, पोरांना शिष्यवृत्त्या दिल्या. आपल्या जिमखान्यांत नुसती रमी." त्यावर अंगठ्यांचा पाऊस. तिथे लिहिलं तर वाहून जाईल, म्हणून हा वेगळा धागा.

क्लब १८६२ चा. अमेरिकेतलं यादवी युद्ध ऐन भरात असताना लिंकनच्या पाठीशी उभं राहायला काढलेला. सभासदांनी पलटणी उभ्या केल्या. शहराबाहेर कॅम्प विल्यम पेनवर जवळपास अकरा हजार काळे सैनिक तयार झाले, त्या भरतीच्या समितीतही हीच मंडळी. इथपर्यंत मान्य, टोपी काढतो. पण त्याच क्लबाचं सभासदत्व काळ्या माणसाला मिळायला शंभरावर वर्षं गेली आणि बायकांना १९८० चं दशक उजाडलं. आता ही गोष्ट इतिहास जपायला काढलेलं क्लबाचंच फाउंडेशन क्लबाच्याच इमारतीत किती मोठ्या आवाजात सांगणार? ज्याच्या घरात दप्तर, त्याच्या सोयीची बखर. वर देणगीला करसवलत, म्हणजे त्यातला वाटा सरकारनेच सोडलेला. स्वतःचा खिसा कसला डोंबलाचा?

डेलावेअरकाठ
मी नदीपलीकडे न्यू जर्सीत राहतो. ब्रॉड स्ट्रीटवरून जाताना ती इमारत दिसतेच. १८६५ ची, बाहेरून दोन्ही अंगांनी वळत चढणारा जिना, दारात सैनिकांचे पुतळे. माझ्यासारखा बाहेरचा माणूसही आत जाऊन त्यांचं प्रदर्शन बघून आला आहे. आणि करसवलत फाउंडेशनच्या देणगीला असते, क्लबाच्या वर्गणीला नाही. जेवणाचं बिल वेगळं, इतिहासाचा गल्ला वेगळा. बिगुलराव, ज्याच्या घरात दप्तर त्याची बखर, हे ठीक. पण दप्तर तरी आहे ना? आपल्याकडे ते वाळवीच्या घरात असतं.

दारूखाना
विक्रांत. एवढा एकच शब्द लिहायचा होता. पण लिहितोच पुढे.

आपली पहिली विमानवाहू नौका, १९६१ मध्ये नौदलात आली. ७१ च्या युद्धात तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझार भाजून काढलं. १९९७ ला निवृत्त. मग म्युझियम म्हणून काही वर्षं मुंबईत. शाळेच्या सहलीत मी गेलोय तिच्यावर. शिडी इतकी उभी की आमच्या बाई खालीच थांबल्या, आणि आत तेलाचा आणि गंजाचा असा वास की डबा खाववेना. २०१४ मध्ये साठेक कोटींना भंगारात गेली. साठ कोटी! मलबार हिलला दोन फ्लॅट येतात तेवढ्यात. मुंबईत क्लब काय कमी आहेत? एकाला वाटलं नाही की वर्गणी काढावी?

गोदीकामगार
दारूखाना, साठ कोटी ही विकायची किंमत होती, सांभाळायची नाही. आयुष्य गोदीत गेलंय माझं. खाऱ्या पाण्यात उभं जहाज म्हणजे रोज मरणारा म्हातारा. तळ खरवडायला, पत्रे बदलायला दर काही वर्षांनी कोरड्या गोदीत घ्यावंच लागतं. एकदा देणगी दिली आणि फोटो काढला, असं नसतं ते. डेलावेअरकाठांच्या फिलाडेल्फियातच ऑलिम्पिया उभी आहे, १८९८ ला मनिलाच्या लढाईतली, अमेरिकन नौदलाच्या ड्यूईची युद्धनौका. २०१० च्या सुमारास तिचं म्युझियमच विचारत फिरत होतं की हिला कोणी घेता का. शहरात एवढे धनवान क्लब असून.

दारूखाना
आणि न्यूयॉर्कची विमानवाहू नौका इंट्रेपिड? झॅकरी फिशर नावाच्या बिल्डरने मनावर घेतलं, १९८२ ला म्युझियम उघडलं. त्याच माणसाने पुढे सैनिकांच्या कुटुंबांना दवाखान्याजवळ फुकट राहता येईल अशी घरं बांधली. बिल्डर होता हो, बिल्डर! आपले बिल्डर बघा.

गोदीकामगार
तीच इंट्रेपिड १९८५ ला दिवाळखोरीत गेली होती. आणि २००६ ला दुरुस्तीला न्यायला गेले तर चिखलात रुतून बसली, टगबोटींनी जोर लावूनही हलेना. अर्धी गोष्ट सांगायची सवय सोडा.

दारूखाना
रुतली, पण आहे ना? तुमच्यासारख्या "होत नाही"वाल्यांनीच विक्रांत घालवली.

गोदीकामगार
सहलीला एकदा गेलात आणि डबा खाल्ला नाहीत, तेवढ्यावर मला शिकवू नका.

व्ही_पंधरा
भांडू नका. तिच्या पोलादातून बजाजने २०१६ मध्ये मोटरसायकल काढली, ती आहे माझ्याकडे. परवा पंक्चरवाला म्हणाला, "साहेब, हा विक्रांत कोण?" 😐

सातारी_कंदी
धागा क्लबावर होता ना? मग माझं ऐका.

आजोबा मराठा पलटणीत, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेले. त्यांचं इटली स्टार मेडल, लाल-पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांची फीत विरलेली, एक फोटो आणि पेबुक, म्हणजे सैनिकाची पगाराची वही. वडिलांनी विश्वासाने एका क्लबाला दिलं, "दालनात लावू" म्हणाले म्हणून. क्लबाचं नाव घेत नाही. नऊ वर्षांनी मी गेलो तर दालनात कॅरम. मॅनेजरने स्टोअर उघडून दाखवलं. फाटक्या बॅडमिंटनच्या जाळ्यांखाली बुटाचं खोकं, त्यात फोटो ओल लागून काचेला चिकटलेला. फक्त टोपी ओळखू येत होती. मेडल नव्हतंच. पावती मागितली तर म्हणे देणगीची पावती पैशाला देतात, वस्तूला नाही.

तेव्हा खाजगी क्लब आणि इतिहास हे माझ्यापुढे कोणी बोलू नये.

डेलावेअरकाठ
वाईट वाटलं. पण हा दोष खाजगीपणाचा नाही, नोंदवही नसण्याचा. तिकडे फाउंडेशन वेगळं काढतात ते त्यासाठीच. वस्तू आली की क्रमांक पडतो, क्लबाचा मॅनेजर बदलला तरी ती सापडते.

सातारी_कंदी
हो, माझ्या आजोबांनी क्रमांक घेऊन मरायला हवं होतं.

माणगावची_सून
सातारी, तुमचे आजोबा इटलीत होते म्हणून सांगते. आमच्या तालुक्याचे यशवंत घाडगे तिथेच १० जुलै १९४४ ला पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. माणगावात पुतळा आहे. आणि तिकडे मोंतोने नावाच्या गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभं केलं. ना क्लब, ना बिल्डर. गावाच्या नगरपालिकेने आणि तिथल्या इतिहासवेड्यांनी. आणि आपल्याकडेही पुण्यात घोरपडीचं युद्धस्मारक १९९८ ला लोकवर्गणीतूनच उभं राहिलंय की. रडायचंच ठरवलं असेल तर गोष्ट वेगळी.

बिगुल
घोरपडी विसरलो होतो, माझी चूक. डेलावेअरकाठांचा नोंदवहीचा मुद्दाही घेतो, नाइलाजाने. करसवलतीवर मात्र मी हटत नाही. आणि क्लबाने स्वतःची लाज स्वतःच्या भिंतीवर किती ठळक लावली आहे त्याचा फोटो टाका, मग बघू.

डेलावेअरकाठ
पुढच्या महिन्यात जातो. फोटो काढू दिला तर टाकतो.

सातारी_कंदी
माणगावच्या ताई, मोंतोने इटलीत नेमकं कुठे? पेबुकात गावांची नावं पेन्सिलीने लिहिलेली आहेत, पुसट झालीत.

माणगावची_सून
पेरुजाच्या बाजूला, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. पानांचे फोटो तिरप्या उजेडात काढा, पेन्सिल दिसते. मला पाठवा.

दारूखाना
आणि आपली दुसरी विमानवाहू नौका विराट? २०१७ ला निवृत्त, २०२० ला अलंगला भंगारात. तिच्याबद्दल कोणीच बोलत नाही.

गोदीकामगार
झालं सुरू.