झेपेल तेवढीच आमसुलं

‘मागणी असून माल न वाढवणं हा आळसच’, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. रत्नागिरीजवळ आमचा घरचा आमसुलांचा उद्योग आहे. रातांबे (कोकमाची फळं) पिकतात एप्रिल-मेमध्ये, म्हणजे पावसाच्या तोंडावर. सालं उन्हात वाळवायची, रसात बुडवायची, पुन्हा वाळवायची. अशी रसाची पुटं चार-पाच वेळा द्यायची. एका व्यापाऱ्याने तिप्पट माल मागितला, तेव्हा बाबांनी नाही म्हटलं. पुटं कमी करावी लागली असती, नाहीतर कर्ज काढून ड्रायर घ्यावा लागला असता. (ड्रायरला माझा विरोध नाही, कर्जाची भीती वाटते.) आई-बाबा, काकू आणि आम्ही दोघं, एवढ्या हातांना झेपतं तेवढंच करतो. जुनी गिऱ्हाइकं मार्चमध्येच फोन करून सांगून ठेवतात. ऐन हंगामातही दुपारी सगळे एकत्र जेवतो, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.